आगाऊ

मी अक्षता टाकल्या नाहीत. त्या गेल्या. हे वाक्य गेल्या वैशाखापासून मी निदान दोनशे माणसांना ऐकवलं असेल आणि त्यातल्या एकालाही ते पटलेलं नाही.

झालं असं की, हिच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त बारा सदतीसचा. पहिल्या दोन मंगलाष्टका भटजींनी म्हटल्या आणि मग माइक नवरीच्या आत्याबाईंच्या हातात गेला. आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टका आणली होती. अशा रचनेत दोन्ही घराण्यांतली यच्चयावत माणसं शार्दूलविक्रीडितात बसवायची असतात. बसत नसली तर कोंबायची असतात. मुलाकडचे थोरले काका, धाकटे काका, परदेशातली आतेबहीण वगैरे सगळे कोंबून होईपर्यंत माझ्या मुठीला घाम आला होता. अखेर आत्याबाई 'शुभमंगल'पर्यंत पोचल्या आणि थांबल्या. श्वास घ्यायला थांबल्या की कागद उलटायला, ते मला अजून कळलेलं नाही. मांडवात चारशे मुठी हवेत. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. टाचणी पडली नाही. माझ्या अक्षता पडल्या. समोर उभ्या असलेल्या मुलाच्या आजोबांच्या टकलावर त्या टपटप वाजल्याही.

आत्याबाई सावकाश वळल्या आणि उरलेलं 'सावधान' त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

"अहो, इतकी कसली घाई?" हिनं दात न उघडता विचारलं.

"मी टाकल्या नाहीत. त्या गेल्या."

"गेल्या ना? मग जा, घेऊन या."

उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं हे मलाही माहीत आहे. पण मी नवरा नव्हतो. मी नवरीच्या आईच्या मावसबहिणीचा नवरा होतो. इतक्या लांबच्या गुडघ्याला बाशिंग बांधलेलं इतिहासात दुसरं उदाहरण नसावं.

हा रोग जुना आहे. आमच्या घरात 'आगाऊ' हा शब्द दोनच ठिकाणी वापरत असत: घरभाड्याची आगाऊ रक्कम आणि मी. पाहुण्यांनी "एक कोडं घालतो" म्हटलं की कोडं घालायच्या आत माझं उत्तर तयार. शाळेत बाईंनी "कोण सांगेल?" म्हणताच हात वर, प्रश्न काय आहे ते नंतर. अंगणातल्या शर्यतीत 'एक, दोन' म्हटलं की मी धावत सुटे आणि मागून सगळे ओरडत, "अजून साडेमाडे व्हायचंय!" या 'साडेमाडे'ला मराठीत काडीचा अर्थ नाही. माझ्यासारख्यांना पकडण्यासाठीच कुणा धूर्त माणसानं तो शब्द दोन आणि तीनच्या मध्ये पेरून ठेवला असणार, अशी माझी खात्री आहे. 'चिमणी भुर्र, पोपट भुर्र' या खेळात तर मी आजवर उडवलेल्या म्हशींची गणती नाही. कावळ्याबरोबर बोट वर गेलं की मागोमाग 'म्हैस भुर्र' यायची आणि माझं बोट तिलाही घेऊन आकाशात. काही म्हशी मी दोनदोनदा उडवल्या आहेत.

खो-खोमध्ये मात्र प्रकरण चिघळलं. या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली बांधले आणि त्यातला एक नियम, माझा जन्म होण्याआधीच, खास माझ्यासाठी करून ठेवला: खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. आठ जण चौकोनांत एकाआड एक उलटसुलट तोंडं करून बसलेले. खो पाठीमागून मिळणार. म्हणजे येणारा दिसत नाही, फक्त पावलं ऐकू येतात. पाय ताणलेले, टाच उचललेली, अंग पुढे झुकलेलं, आणि तरीही ढुंगण जागेवर. मला यातलं शेवटचं सोडून सगळं जमायचं. पावलं जवळ आली की मी उठलेलाच. सर शिट्टी फुंकत. "गाढवा, खो दिला का तुला?" "नाही सर." "मग उठलास कशाला?" याला उत्तर नव्हतं. तेव्हाही मी उठलो नव्हतो. उठलं गेलं होतं. दोन सामन्यांनंतर सरांनी मला कायमचं राखीव खेळाडूंत बसवलं आणि तिथूनही मी दोनदा उठलो.

लग्नातल्या त्या प्रसंगानंतर आठच दिवसांनी माझी भाची सुट्टीला आली. ती मेंदूवर संशोधन करते. म्हणजे नक्की काय करते ते तिच्या आईलाही माहीत नाही. "कॉम्प्युटरचं काहीतरी" एवढ्यावर घरातले समाधानी आहेत. तिनं अक्षतांची कथा ऐकली, हसली मात्र नाही. लॅपटॉप उघडला.

"मामा, बस. स्क्रीनवर बाण येईल. डावीकडे वळलेला असला तर डावं बटण, उजवीकडे असला तर उजवं. जितक्या लवकर दाबता येईल तितक्या लवकर. पण अधूनमधून बाण आल्यावर 'पीं' असा आवाज होईल. तो ऐकलास की दाबायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

पाच मिनिटांनी तिनं विचारलं, "मामा, पीं ऐकू येत होतं ना?"

"स्वच्छ."

"मग दाबत का होतास?"

"दाबून झाल्यावर ऐकू येत होतं."

आश्चर्य म्हणजे हे उत्तर तिला बरोबर वाटलं. लोगन आणि कोवन या दोन संशोधकांनी १९८४ साली नेमकं हेच मांडलंय, ती म्हणाली. डोक्यात दोन घोडे पळत असतात. एक 'जा'चा, एक 'थांब'चा. 'थांब'चा घोडा उशिरा सुटतो, पण पळतो जलद. तो आधी पोचला तर हात थांबतो, 'जा'चा पोचला तर बटण दाबलं जातं. धडधाकट तरुण माणसाच्या 'थांब'च्या घोड्याला पाव सेकंदाच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही थोडा कमी, वेळ लागतो. माझ्या घोड्याला किती लागला, ते तिनं सांगितलं नाही. रिपोर्ट बघून डॉक्टर "तसं काळजीचं काही नाही" म्हणतात, तेव्हा त्यांचा जो चेहरा असतो तो केला.

मी इरेला पेटलो. दुसऱ्या डावात ठरवलं, आता घाई नाही. बाण आला की आधी कानोसा घ्यायचा. पीं येत नाही ना? नक्की ना? मग दाबायचं. सुरुवातीला जमलं. मग पीं आणखी उशिरा यायला लागलं. मी आणखी थांबलो. पीं आणखी उशिरा.

"हा तुझा कॉम्प्युटर डोळा ठेवून आहे माझ्यावर!"

"आहेच. तू थांबायला शिकलास की तो आवाज पुढे ढकलतो. तू चुकलास की अलीकडे आणतो. साधारण निम्म्या वेळा तू चुकशील, अशी त्याची रचनाच आहे."

"म्हणजे मी कितीही सुधारलो तरी निम्मा नापास?"

"हो."

"मग ही कसली परीक्षा? हा संसार झाला."

"मी ऐकलं हं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

पण भाची खूश होती. मी वाट बघायला लागलो, हेच तिच्या दृष्टीनं मोठं होतं. पहिल्या डावात मी पीं ऐकून थांबायची धडपड करत होतो. तो आयत्या वेळचा ब्रेक. दुसऱ्या डावात पीं येईलसं धरून मी आधीच हात आवरून बसलो होतो. "याला प्रोॲक्टिव्ह इनहिबिशन म्हणतात," ती म्हणाली.

"मराठीत?"

तिनं बराच विचार केला. "आगाऊ... आगाऊ आवर म्हण."

मला भरून आलं. पन्नास वर्षं ज्या शब्दानं माझा कान पिळला गेला, तो शब्द शास्त्रात सन्मानानं जाऊन बसला होता. आगाऊ तयारी असते, तसा आगाऊ आवरही असतो. माझ्याकडे पहिली मुबलक होती, दुसऱ्याचा पुरवठा कमी होता, इतकंच.

मग घरातल्या सगळ्यांनी परीक्षा दिली. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिनं एकाही 'पीं'ला बटण दाबलं नाही. शंभर टक्के! आम्ही टाळ्या वाजवणार तोच लक्षात आलं की, तिनं एकाही बाणालाही दाबलेलं नाही.

"आजी, बाण आला की दाबायचं गं."

"दाबते की. आधी त्याला नीट येऊ तर दे."

भाचीनं त्या दिवशी मला एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो. आपल्याला वाटतं, हात आपला स्वस्थ पडलेला असतो आणि आपण हुकूम दिला की उठतो. तसं नाही. मेंदूच्या तळाशी काही गाठी आहेत, त्या हालचालींवर एरवीही सतत हात ठेवून असतात. उतारावर हँडब्रेक ओढून उभी केलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. हालचाल करायची म्हणजे इंजिन सुरू करायचं तसं बरोबर जागचा ब्रेकही सोडायचा. आणि घाईघाईत थांबायचं झालं, तर कपाळामागच्या उजव्या बाजूकडून हुकूम सुटतो आणि तो मसुरीच्या दाण्याच्या आकाराच्या एका इवल्याशा गाठीपर्यंत जवळच्या वाटेनं पोचून ब्रेक करकचून दाबला जातो. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे, हालचालीची तयारी चालू असताना, ज्या हातानं ती करायची त्या हाताकडे जाणारी वाटही मेंदू काही क्षण दाबूनच धरतो. पहिल्या मंगलाष्टकेपासून मांडवातल्या चारशे मुठींचं तेच चाललं होतं तर! चारशेच्या चारशे अक्षता टाकायला निघालेल्याच होत्या. मी एकटा आगाऊ नव्हतो. बाकीच्यांचे ब्रेक लागत होते.

"म्हणजे तुमचे ब्रेक निकामी आहेत, असं ती म्हणतेय," हिनं सारांश सांगितला.

हिचे ब्रेक हा मात्र अभ्यासाचा विषय आहे. त्याच सुट्टीत एकदा हिला माझ्या बहिणीचा, म्हणजे भाचीच्या आईचा, अचानक फोन आला. ही गॅसपाशी, डाव हातात, दूध तापत ठेवलेलं. पलीकडून काहीतरी बोललं गेलं. हिच्या जिभेवर उत्तर आलं. ते मला लांबून दिसलं. आणि ही थांबली. जीभ थांबली, डाव हवेत थांबला, मानसुद्धा थांबली. मग दोन क्षणांनी, साखर विरघळल्यासारखं, "हो वन्सं, बरोबर आहे तुमचं." तेवढ्यात दूध उतू गेलं.

भाची आनंदानं उठलीच. "मामा, हा खरोखरचा प्रयोग आहे! २०१२ साली झालेला. माणसांना ऐन वेळी बोलायचं थांबवायला लावलं, तर काही संबंध नसताना त्यांचा हातही दबतो. अचानक दाबलेला ब्रेक सगळ्या चाकांना लागतो." पण कशाला आवर घालावा लागणार हे आधी ठाऊक असलं, तर मेंदू तेवढंच नेमकं दाबून ठेवू शकतो, बाकीचं मोकळं. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी सकाळी दहाला बहिणीचा ठरलेला फोन येतो, तेव्हा हिची भाजी ढवळणं एक क्षणही थांबत नाही. फक्त जीभ थांबते. तीस वर्षांचा सराव आहे.

एवढं ज्ञान मिळाल्यावर माणूस सुधारायला हवा. मी सुधारायच्या आधी सिग्नलला सापडलो.

पुण्यातल्या चौकात सिग्नलवर उलटे आकडे दिसतात, ही सोय ज्यानं केली त्याला मनुष्यस्वभावाची ओळख नसावी. नऊ, आठ, सात म्हणेपर्यंत निम्मी वाहनं झेब्रा पट्ट्यांवर आणि तीनला उरलेली निम्मी चौकात असतात. मी भाचीचं स्मरून ब्रेक घट्ट आवळून, पट्ट्याच्या मागे, एकटा, ऋषीसारखा उभा होतो. चार. तीन. आगाऊ आवर उत्तम चालला होता. एवढ्यात मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. हॉर्न कसला, रेल्वेचं इंजिन. माझी स्कूटर चौकाच्या मध्यावर पोचली तेव्हा मला कळलं की मी निघालोय.

हवालदार शांतपणे आले. "काय काका, कुठं निघालात?"

"मी निघालो नाही. माझा मेंदू निघाला."

"बरं. मग मेंदूचं लायसन दाखवा."

घरी येऊन भाचीला फोन लावला. तिनं पुन्हा उत्साहानं सांगितलं की, यालाही शास्त्र आहे. माणूस एखाद्या हालचालीच्या पूर्ण तयारीत असताना अचानक दचकवणारा मोठा आवाज झाला, तर ती तयार हालचाल नेहमीच्या जवळपास निम्म्या वेळात बाहेर पडते. स्पेनमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये ते दाखवलं. मी पावतीचा फोटो काढून तिला पाठवला आणि स्पेनला पाठव म्हटलं.

माझं सांत्वन शेवटी धावपटूंनी केलं. शंभर मीटरच्या शर्यतीत बंदुकीचा आवाज झाल्यापासून ०.१०० सेकंदाच्या आत कुणी हललं तर तो आवाज ऐकून हललाच नाही, अंदाजानं हलला, असं नियम मानतो. आणि २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर. २०११ साली देगूला जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत साक्षात उसेन बोल्ट बंदुकीच्या आधी सुटला. जगातला सर्वांत वेगवान माणूस! बनियन काढून फेकत तो मैदानाबाहेर गेला. २०२२ मध्ये अमेरिकेत अडथळ्यांच्या शर्यतीत डेव्हन ॲलन ०.०९९ ला हलला म्हणून बाहेर काढला गेला. एक हजारांश सेकंद! आमच्याकडे 'साडेमाडे'मधला 'सा' म्हणायलासुद्धा याच्या शंभरपट वेळ लागतो. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो जॉन ड्रमंड. २००३, पॅरिस. आधी सुटल्याबद्दल लाल कार्ड दाखवलं, तर हा गडी "मी हललोच नाही" म्हणत चक्क धावपट्टीवर आडवा झाला आणि उठेना. शर्यत खोळंबली, प्रेक्षक ओरडले, अधिकारी विनवण्या करून दमले. शेवटी गेला तो रडतच. त्याची ती चित्रफीत मी हिला दाखवली.

"बघ. हाही म्हणतोय, मी हललो नाही."

"तुम्ही मांडवात आडवे झाला नाहीत हे नशीब," ही म्हणाली.

दिसतंय तसं गृहीत धरून अंग आधीच तयार होतं, यावर माझा विश्वास पक्का बसला तो मॉलमधल्या बंद सरकत्या जिन्यावर. जिना बंद होता. बंद आहे अशी पाटी होती. मी ती वाचली, हिला वाचून दाखवली आणि पाय ठेवताक्षणी असा पुढे तोल गेला की समोरच्या बाईंच्या पिशवीला मिठी मारली. लंडनच्या संशोधकांनी २००३ मध्ये हेही तपासलं आहे म्हणे: आता हे सरकणार नाही असं स्पष्ट सांगूनही माणसं जोरात पाऊल टाकतात आणि लडखडतात. डोक्याला पाटी वाचता येते, पायाला येत नाही. हे मी त्या बाईंना सांगायचा प्रयत्न केला. त्यांचा 'थांब'चा घोडा जिंकला म्हणून मी वाचलो.

इतकं झाल्यावर मी कंबर कसली. दोन महिने नेटानं सराव केला. लिफ्टचं दार उघडलं की मनात तीन अंक मोजायचे. फोन वाजला की दोन घंटा जाऊ द्यायच्या. पानावर वाढलं की सगळ्यांनी सुरुवात केल्यावर मगच घास. मुंबईला गेलो असताना दादरला उतरायचं तर लोक कुर्ल्यापासून उठून दाराशी रांग लावतात. मी बसून राहिलो. गाडी थांबू दे, मग उठू. गाडी थांबली, मी उठलो, चढणाऱ्यांनी मला परत बसवलं. परळला उतरून उलटा आलो, पण तत्त्व सोडलं नाही. कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला तर हा खरोखरच हात आहे की म्हैस भुर्र, अशी शहानिशा करेपर्यंत समोरचा हात खिशात घालून मोकळा. शेजारच्या आजोबांच्या तेराव्याला "या" म्हणून बोलावलं होतं, तेव्हा पुन्हा एकदा बोलावतील या हिशेबानं मी फाटकाशी पंधरा मिनिटं उभा होतो.

आणि मग भाचीचंच लग्न ठरलं.

मी मुलीचा मामा. ज्यांनी मराठी लग्नं पाहिली आहेत त्यांना मामाची जबाबदारी सांगायला नको. माइकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी थांबलो. पुकारा दुसऱ्यांदा झाला. एखादा पुकारा फसवा असू शकतो. तिसऱ्यांदा भटजींनी 'मुहूर्त टळतोय' हे शब्द वापरले, तेव्हा नवरीनंच माझा हात धरला आणि मामाला मांडवात घेऊन आली.

मंगलाष्टका सुरू झाल्या. मी नवरीच्या मागे, मूठ बंद. ही माझ्या शेजारी, नजर मुठीवर. मंगलाष्टकांचं 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळालेले समर्थ रामदास मला आठवले. ती कथा लहानपणी ऐकली तेव्हा वाटलं होतं, काय हा उतावळेपणा! आता वाटतं, त्या शब्दाचा अर्थ मनावर घेतलेला अख्ख्या महाराष्ट्रात तो एकच मुलगा. बाकीचे आपण चारशे वर्षं 'सावधान' ऐकतो आणि तांदूळ फेकतो. भाचीच्या भाषेत, थांबायच्या खुणेला आपण सगळे बटण दाबतो.

पहिलं सावधान झालं. लोकांनी अक्षता टाकल्या. मी खात्री करत होतो. दुसरं झालं. तिसऱ्याला एक काकू मध्येच थांबल्या आणि मांडवातली तीन माणसं फसली. मला कोण समाधान झालं! त्यांच्याकडे मी, आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं होतं तसं पाहिलं. चौथं, पाचवं. आठवं झालं, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, हार पडले, चारही बाजूंनी अक्षतांचा पाऊस झाला आणि मी मूठ आवळून उभा होतो. ती उघडेचना. उघडायचा हुकूम मी सोडत होतो, पण दोन महिन्यांत तयार केलेला ब्रेक सुटायला तयार नव्हता.

हाराआडून भाचीनं मान वळवली. "मामा, टाक आता."

"नक्की?"

"मामा!"

तेवढ्यात फोटोवाल्यानं सगळ्यांना बाजूला केलं. जेवायला बसलो तरी उजवी मूठ तशीच होती. जिलबी डाव्या हातानं खाताना पाहून व्याह्यांनी हिला हळूच विचारलं, "यांना काही झालंय का?" ही म्हणाली, "नाही हो, ते आधीपासूनच आहे."

त्या अक्षता मी एका डबीत घालून ठेवल्या आहेत. तुमच्याकडे या मोसमात कार्य असेल तर जरूर बोलवा. अक्षता घरूनच घेऊन येईन. फक्त मंगलाष्टका म्हणणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेवा की, श्वास घ्यायचा तो ओळ संपल्यावर घ्या.